बाळाचा प्रवास आणि आईचा कागद

मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ. वेळ मध्यरात्रीनंतरची. विमान कंपनीच्या काउंटरसमोर एक तरुण आई चार महिन्यांचे बाळ कडेवर घेऊन उभी आहे. तिच्या हातात अमेरिकेचे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे त्या देशात कायम राहण्याचा परवाना. बाळाच्या नावाचा कोरा करकरीत भारतीय पासपोर्ट आहे. काउंटरवरचा कर्मचारी पासपोर्टची पाने पुढून मागे आणि मागून पुढे उलटतो आणि विचारतो, "बाळाचा व्हिसा कुठे आहे?" व्हिसा नाही. "मग बाळाला विमानात घेता येणार नाही. तुम्हाला एकटीला जायचे असेल तर जा." असा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. अंगावर पिणाऱ्या लेकराला टाकून कोणती आई विमानात बसेल?

या प्रसंगात आईची काहीही चूक नाही. अमेरिकेच्याच नियमाप्रमाणे त्या बाळाला व्हिसा लागत नाही. कायम रहिवासी असलेली स्त्री काही काळासाठी परदेशी गेली आणि तिथे तिला मूल झाले, तर ते मूल व्हिसाशिवाय तिच्यासोबत अमेरिकेत प्रवेश करू शकते आणि तिथे पोहोचताच तेही कायम रहिवासी होते. हा कुणा अधिकाऱ्याच्या मेहेरबानीचा भाग नाही. अमेरिकेच्या संघीय नियमावलीच्या आठव्या खंडात २११.१ या क्रमांकाने हा नियम छापलेला आहे. म्हणजे कायदा आईच्या बाजूने आहे. पण काउंटरवर कायदा उभा नसतो, तिथे माणूस उभा असतो. आणि त्या माणसाला नियम माहीत नसेल व आईलाही तो सांगता येत नसेल, तर हक्क असूनही नसल्यासारखा होतो. आंबेडकरी समाजाला हा अनुभव नवा नाही. घटनेत लिहिलेला हक्क आणि तलाठ्याच्या टेबलावर मिळणारा हक्क यांतले अंतर आपण आयुष्यभर मोजत आलो आहोत.

हा विषय या पानावर का, असे कुणी विचारील. अमेरिकेत राहणाऱ्या मूठभर सुखवस्तू लोकांची ही अडचण आहे, त्याच्याशी चळवळीचा काय संबंध? संबंध आहे. बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तेव्हा त्या वाटेवर आपल्या समाजातला दुसरा माणूस नव्हता. आज नागपूर, औरंगाबाद, मुंबई, पुण्याच्या वस्त्यांतून शिकून निघालेली मुले-मुली संगणक क्षेत्रात, रुग्णालयांत, विद्यापीठांत काम करीत अमेरिकेत स्थिरावली आहेत. २०२३ च्या १४ ऑक्टोबरला मेरीलँड राज्यात बाबासाहेबांचा भव्य पुतळा उभा राहिला, तो याच लोकांच्या कष्टाच्या पैशातून. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली, त्यामागेही हीच माणसे उभी होती. ही आपलीच लेकरे आहेत. आणि त्यांच्या घरात पाळणा हलतो, तेव्हा त्यांच्या अडचणी प्रस्थापितांच्या अडचणींपेक्षा वेगळ्या असतात.

वेगळेपण कुठे आहे ते पाहा. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. पण ग्रीन कार्ड असलेली मुलगी बाळंतपणाला सात समुद्र ओलांडून माहेरी का येते? ज्यांना शक्य असते ते आपल्या आईलाच अमेरिकेत बोलावून घेतात. त्यासाठी आईला पर्यटक व्हिसा लागतो. अमेरिकेच्या कायद्यात असा व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस तिथेच राहायला निघाला आहे असे आधी गृहीत धरले जाते. तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. मग अधिकारी विचारतो, मालमत्ता काय, बँकेत किती, यापूर्वी कोणकोणत्या देशांत जाऊन आलात? ज्यांच्या नावावर फ्लॅट, शेती आणि ठेवी आहेत, त्यांना उत्तर देणे सोपे जाते. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करून मुलीला इंजिनिअर केलेल्या बापाकडे आणि चार घरची धुणीभांडी करून फी भरलेल्या आईकडे दाखवायला काय असते? त्यांची सगळी कमाई ती मुलगीच आहे. आईला व्हिसा मिळत नाही, म्हणून मुलगी आईकडे येते. पहिल्या पिढीच्या शिक्षणाचा हाही एक हिशेब आहे.

त्यात अमेरिकेतली नोकरी. जगातल्या त्या सर्वात श्रीमंत देशात बाळंतपणाच्या पगारी रजेचा देशपातळीवरचा कायदा आजही नाही. १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी, तीही पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी वर्षभर काम केलेल्यांनाच. इथे आठवण होते ती बाबासाहेबांची. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भत्ता मिळावा या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले होते. स्त्रीला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. आपल्या देशात २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांवर गेली. म्हणजे बाबासाहेबांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी जी गोष्ट मुंबईत मांडली, ती न्यूयॉर्कने अजून देशाचा कायदा म्हणून पाहिलेली नाही.

या रजेच्या टंचाईचा बाळाच्या कागदाशी थेट संबंध आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत विमान कंपन्या प्रवास करू देत नाहीत, म्हणून मुलगी सातव्या महिन्यात येते. मूल होते. जन्माची नोंद, दाखला, मग पासपोर्ट, लसीकरण यांत आणखी महिने जातात. तोवर रजा संपते, कार्यालयातून निरोप येऊ लागतात. मग घरातली वडीलधारी माणसे मायेपोटी एक सल्ला देतात, "तू पुढे जा बाई, नोकरी सांभाळ. बाळाला आम्ही बघतो. सहा महिन्यांनी येऊन घेऊन जा." सल्ला प्रेमाचा आहे, आणि घातही त्यातच आहे.

कारण नियमाच्या अटी तीन आहेत आणि त्या प्रत्येक आईबापाला पाठ असायला हव्यात. पहिली अट, मुलाच्या जन्माच्या वेळी आई अमेरिकेची कायम रहिवासी असावी आणि ती परदेशात तात्पुरतीच आलेली असावी. आई अमेरिकेची नागरिक असूनही मुलाला जन्मतः नागरिकत्व मिळत नसेल, तरी हा नियम लागू होतो. दुसरी अट, मूल दोन वर्षांचे होण्याच्या आत अमेरिकेत पोहोचावे. तिसरी अट सर्वात महत्त्वाची. मुलाला नेणाऱ्या आईचा किंवा बापाचा, जन्मानंतरचा अमेरिकेतला तो पहिलाच परतीचा प्रवेश असावा. आई एकदा मुलाला आजीजवळ ठेवून परत गेली की तिचा 'पहिला परतीचा प्रवास' संपला. बापही जन्मानंतर येऊन एकटा परत गेला असेल, तर त्याचाही संपला. त्यानंतर मूल अवघ्या आठ महिन्यांचे असले, तरी या नियमाचा दरवाजा बंद होतो. मग मुलासाठी रीतसर अर्ज करायचा, कुटुंबाच्या रांगेत नंबर लावायचा आणि ती रांग सरकण्याची वाट पाहायची. रांगेत वर्षेही जाऊ शकतात. आजीच्या मांडीवरचे तान्हे त्या काळात चालायला, बोलायला लागते आणि आईला फोनच्या पडद्यावर ओळखते.

म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे. नोकरीची अडचण असेल तर बापाने पुढे जावे. आईने बाळ घेऊनच परतावे. आई नंतर बाळाला घेऊन गेली, तर तिचा तो पहिलाच परतीचा प्रवास असतो आणि हक्क शाबूत राहतो. बाळाला सोडून दोघांनीही परत जाणे ही एक चूक सगळे बिघडवते.

आणखी एक गफलत होते. बाळासाठी दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून आई दोन वर्षे निश्चिंत राहते. पण ती मुदत बाळाची आहे, आईची नाही. ग्रीन कार्डाच्या जोरावर परत जायचे तर बाहेरचा मुक्काम वर्षाच्या आतच असावा लागतो. त्याहून जास्त राहायचे असेल, तर पुनर्प्रवेशाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठीचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम झाला तरी विमानतळावर चौकशी वाढते. २०२५ पासून ही चौकशी अधिक कडक झाली आहे. अशा वेळी काही अधिकारी आय-४०७ नावाचा फॉर्म पुढे करतात. आपण होऊन कायम रहिवासाचा हक्क सोडत आहोत, असे लिहून देण्याचा तो फॉर्म आहे. त्यावर सही करण्याची सक्ती कुणी करू शकत नाही. सही नाकारली तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाते आणि तिथे आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार असतो. रात्रभराच्या प्रवासाने थकलेली बाळंतीण, रडणारे मूल आणि समोर गणवेशातला माणूस, अशा स्थितीत सही होऊन जाते. अंगठे उठवून जमिनी गमावलेल्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता पुन्हा त्या काउंटरकडे येऊ. तिथला कर्मचारी का अडवतो? तो दुष्ट आहे म्हणून नव्हे. योग्य कागद नसलेला प्रवासी अमेरिकेत नेला, तर विमान कंपनीला दंड होतो. त्यामुळे संशय आला की 'नाही' म्हणणे त्याला सुरक्षित वाटते. हो म्हणून चुकला तर दंड, नाही म्हणून चुकला तर शिक्षा नाही. सरकारने सीमा सांभाळण्याचे काम असे खासगी कंपनीच्या पगारी नोकरावर टाकले, की त्याचा फटका कागद दाखवून, ठासून बोलता न येणाऱ्यालाच बसतो. खरे तर अमेरिकेच्या सीमा विभागाने विमान कंपन्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेतही या बाळांचा उल्लेख आहे. म्हणून आईने बाळाचा पासपोर्ट, आईचे नाव असलेला जन्मदाखला, आपले ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट, यांच्यासोबत त्या नियमाची छापील प्रत जवळ ठेवावी. विमान कंपनीला आठ-पंधरा दिवस आधी लेखी कळवून उत्तर घ्यावे. काउंटरवर अडवले तर वरिष्ठाला बोलवायला सांगावे. अमेरिकेत उतरल्यावर अधिकारी वेगळ्या खोलीत बसवून कागद तपासतात, बाळाच्या कायम रहिवासाची नोंद करतात; कार्ड मागाहून टपालाने घरी येते.

जन्मदाखल्यात आईचे नाव नीट असावे, ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. मुलीचा पासपोर्ट व ग्रीन कार्ड पुष्कळदा माहेरच्या नावाने असते. दवाखान्याच्या रजिस्टरात मात्र सासरचे नाव लिहिले जाते, कारण लिहिणाऱ्याला तेच 'बरोबर' वाटते. कधी नातेवाईक परस्पर सांगून टाकतात. मग एकाच बाईची दोन नावे दोन कागदांवर उभी राहतात आणि आपण त्याच बाळाची आई आहोत हे तिला सिद्ध करावे लागते. बाईचे नाव लग्नात बदलण्याच्या रूढीची किंमत अशी विमानतळावर मोजावी लागते. नोंद करतानाच आईचे नाव पासपोर्टप्रमाणे लिहून घ्यावे. बाळाच्या नावाशिवायही जन्माची नोंद होते, पण पासपोर्टला नाव लागते. म्हणून नामकरणाचा मुहूर्त शोधत बसू नये. तसाही आपल्या घरी मुहूर्त असण्याचे कारण नाही.

या सगळ्या नियमात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इथे बाळाचा हक्क आईवरून ठरतो. बापाकडे ग्रीन कार्ड आहे आणि आईकडे नाही, तर बाळाला या नियमाचा लाभ मिळत नाही. आपल्या देशात काय होते? परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळायचे, ते फक्त बाप भारतीय असेल तर. आई भारतीय असून उपयोग नव्हता. १९९२ च्या डिसेंबरात कायद्यात दुरुस्ती लागू झाली, तेव्हा कुठे आई किंवा बाप यांपैकी कुणीही भारतीय असले तरी चालेल असे झाले. म्हणजे प्रजासत्ताक होऊन बेचाळीस वर्षे उलटेपर्यंत भारतीय स्त्री आपल्या पोटच्या मुलाला आपले नागरिकत्व देऊ शकत नव्हती. हिंदू कोड बिल रखडवले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपदाचा राजीनामा दिला. स्त्रीला स्वतंत्र व्यक्ती मानायचे की नाही, हाच त्या बिलाचा गाभा होता आणि नागरिकत्वाच्या कायद्यातही प्रश्न तोच होता.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. आई अनुसूचित जातीची आणि बाप सवर्ण, मग मूल बापाच्याच जातीचे, असे अधिकारी डोळे मिटून लिहीत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात सांगितले, की असे सरसकट गृहीत धरता येणार नाही. मूल कुणाच्या घरात वाढले, त्याने कोणते भोग भोगले, हे पाहावे लागेल. तरीही कार्यालयात पहिला प्रश्न बापाबद्दलच विचारला जातो. मनुस्मृतीने बीज श्रेष्ठ आणि क्षेत्र कनिष्ठ मानले, तो विचार असा फायलींतून अजून जिवंत आहे.

पण म्हणून अमेरिकेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. तिथेही बाळांच्या पायऱ्या लावलेल्या आहेत. नागरिकाचे बाळ सर्वात वर. त्याखाली कायम रहिवाशाचे. त्याखाली एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याचे. त्याचे बाळ भारतात जन्मले तर त्याला व्हिसासाठी वकिलातीच्या रांगेत उभे राहावेच लागते, वय महिन्याचे असो वा वर्षाचे. सगळ्यात खाली कागद नसलेल्या कामगाराचे. भारतीयांना तर ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, कारण नोकरीवर आधारित व कौटुंबिक पसंतीच्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नयेत असे बंधन आहे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिची खुबी ही, की प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्याकडे बघून समाधान मानतो आणि वरच्याविरुद्ध एकत्र येत नाही. ग्रीन कार्डवाला एच-१बीवाल्याकडे आणि दोघेही कागद नसलेल्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर आपण ओळखतो. फरक मात्र विसरता कामा नये. व्हिसाची पायरी माणूस आयुष्यात चढू शकतो. बाळ ग्रीन कार्डधारक असताना, त्याच्या अठराव्या वर्षाआधी, सोबत राहणारे आई किंवा वडील अमेरिकेचे नागरिक झाले, तर २००० च्या कायद्याप्रमाणे तेही आपोआप नागरिक होते. जातीची पायरी अशी चढता येत नाही.

या पायऱ्या कुणी मोडल्या, हेही आपल्या परदेशस्थ बांधवांनी ध्यानात ठेवावे. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही असा निकाल दिला. त्या खटल्यात बचाव काय होता? आपण उच्च जातीचे आर्य आहोत, म्हणून गोऱ्यांत मोडतो, हा! जातीचा अभिमान तिथे नेऊनही उपयोग झाला नाही. भारतीयांसाठी दरवाजा खऱ्या अर्थाने उघडला तो १९६५ च्या कायद्याने. वंशावर आधारलेल्या जुन्या कोट्याला तडा गेला, तो काळ्या जनतेने रस्त्यावर उतरून नागरी हक्कांसाठी दिलेल्या लढ्याच्या लाटेत. जन्माने नागरिकत्व देणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्तीही गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांसाठीच झाली होती. १८९८ मध्ये एका चिनी स्थलांतरिताच्या मुलाला तिचाच आधार मिळाला. २०२५ च्या २० जानेवारीला अध्यक्ष ट्रम्प यांनी तिलाच हात घातला. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या परवान्यावर असेल आणि बाप नागरिक किंवा कायम रहिवासी नसेल, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळालाही नागरिक मानायचे नाही, असा आदेश त्यांनी काढला. न्यायालयांनी तो अडवला, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या बाळाने अजून डोळेही नीट उघडलेले नाहीत, त्याला आईबापाच्या कागदावरून शिक्षा करायची हा विचार आम्हाला फार ओळखीचा आहे. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या व्यवस्थेशी तर आमचे भांडण आहे.

बाळ बाहेर जन्मते आणि आई त्याला घेऊन घरी परतते, ही गोष्ट फक्त अमेरिकेत घडत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पोटुशी बाई उसाच्या फडात मोळ्या उचलते आणि कारखान्याच्या तळावर कोपीत बाळंत होते. हंगाम संपला की ती बाळ घेऊन गावी येते. गावात सांगतात, जन्म इथे झाला नाही, नोंद जिथे झाला तिथेच करा. कायदाही तेच सांगतो. नोंद जन्माच्या ठिकाणी, एकवीस दिवसांत. ती तीनशे किलोमीटरवर परत कुठून जाणार? वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा झाला आहे. म्हणजे त्या कोपीत जन्मलेल्या मुलाच्या वाटेत पुढची सोळा-अठरा वर्षे एक काउंटर उभा राहील आणि दर वेळी विचारील, कागद कुठे आहे? आसामात २०१९ च्या ३१ ऑगस्टला १९ लाखांहून अधिक माणसे नागरिक नोंदवहीबाहेर राहिली, तेव्हा कागद नसण्याची किंमत देशाने पाहिली. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणि विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्यांना गावात घर बांधू दिले नाही, त्यांच्याकडेच घरपट्टीची पावती मागायची!

घटना समितीत १९४९ च्या ऑगस्टमध्ये नागरिकत्वाची कलमे मांडताना बाबासाहेब म्हणाले होते, की एक कलम सोडले तर दुसऱ्या कुठल्या कलमाने मसुदा समितीला एवढा त्रास दिला नसेल. फाळणीने घरदार सुटलेली लाखो माणसे समोर होती. कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला बाहेर ठेवायचे, हा प्रश्न कागदाचा दिसतो, पण तो माणसांचा असतो हे त्यांना पुरते ठाऊक होते.

म्हणून चळवळीने दोन्हीकडे काम करावे लागेल. अमेरिकेतल्या आपल्या संघटना जयंती, धम्मदीक्षा दिन, परिषदा उत्साहाने करतात. त्याच सभांत एक तास गर्भवती भगिनींसाठी काढावा. माहेरी निघण्यापूर्वी त्यांना तीन अटी, एक वर्षाची मर्यादा आणि ती फॉर्मवरची सही, एवढे तरी समजावून सांगावे. नियमाची प्रत प्रत्येकीच्या हातात द्यावी. तिथल्या आपल्या वकिलांनी अडल्या रात्री फोन उचलावा. आणि इकडे, वस्तीतल्या विहारात मुलांचे वर्ग घेणाऱ्या तरुणांनी घराघरांत जाऊन पाहावे, की मागच्या दोन वर्षांत जन्मलेल्या किती मुलांकडे दाखला आहे. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या तळावर जाऊन जन्माची नोंद करून देणारे पाच कार्यकर्ते निघाले, तरी शेकडो मुलांची वाट मोकळी होईल. अमेरिकेत कमावणाऱ्या बांधवांनी या कामाला पैसा द्यावा. ज्यांच्या बाळाला एका कागदामुळे दोन देशांचे दरवाजे उघडले, त्यांना कागद नसलेल्या बाळाचे दुःख इतरांपेक्षा लवकर कळायला हवे.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश शाळेच्या दाखल्यापुरता नव्हता. आपला हक्क कुठे लिहिला आहे, तो कुणाला दाखवायचा आणि नाकारला तर कुठे दाद मागायची, हे शिकणेही त्यातच येते. मुंबईच्या विमानतळावर मध्यरात्री उभ्या असलेल्या त्या आईला हे माहीत असेल, तर ती नियमाची प्रत काउंटरवर ठेवील आणि म्हणेल, "वाचा. नाही समजले तर तुमच्या साहेबांना बोलवा. बाळ माझ्याबरोबरच येणार." आणि बीडच्या त्या आईलाही एक दिवस असेच ठणकावून बोलता आले पाहिजे.